ॲज-बिल्ट: सिव्हिल इंजिनिअर वडिलांच्या आठवणी लिहायच्या कशा

बाबा गेल्यावर स्मरणसभेत वाचायला मी एक पान लिहिलं. त्यात 'कष्टाळू', 'शिस्तप्रिय', 'कुटुंबवत्सल' आणि 'मनमिळाऊ' हे चारही शब्द होते. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण लिहिलंयस कुणाबद्दल?"

तिचं बरोबर होतं. 'मनमिळाऊ' तर धडधडीत खोटं होतं. भिंत ओळंब्यात नाही म्हणून गवंड्याला ती दोनदा पाडायला लावणाऱ्या माणसाला मनमिळाऊ कोण म्हणेल? कागद फाडला आणि नव्याने लिहायला घेतलं. त्यात सात महिने गेले. सभेला अर्थातच उशीर झाला होता, पण घरासाठी एक चाळीस पानी वही तयार झाली. ती करताना काय जमलं आणि काय फसलं ते सांगते. ज्यांच्या घरातल्या माणसाचं आयुष्य असं साइटवर गेलं, त्यांना उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बांधकाम पुरं झालं की शेवटी एक ड्रॉइंग करतात, त्याला 'ॲज-बिल्ट' म्हणतात. मूळ नकाशात पाइप डावीकडून जाणार होता, खोदताना खडक लागला म्हणून उजवीकडून नेला, तर ॲज-बिल्टमध्ये तो उजवीकडेच दाखवायचा. ठरलं काय होतं ते सोडून द्यायचं, झालं काय ते काढायचं. बाबा म्हणायचे, "ॲज-बिल्टमध्ये खोटं दाखवलं की पुढच्याची कुदळ पाइपात जाते." आठवणी लिहायला बसल्यावर मला याहून चांगला नियम सापडला नाही.

आधी कपाट वाचवा

माणूस गेल्यावर आठ-दहा दिवसांत कुणीतरी मायेने म्हणतंच, "चल, कपाट आवरून देते." नको म्हणा. पुरस्काराची ढाल, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र, निरोप समारंभाचा फोटो या गोष्टी कुणीच टाकत नाही. रद्दीत जातात त्या साइट डायऱ्या, लेव्हल बुकं, पाठकोऱ्या कागदांवरची आकडेमोड, खिशातल्या छोट्या वह्या. खरा माणूस त्यात असतो.

ड्रॉइंगच्या गुंडाळ्या असतील तर जरा सांभाळून. जुन्या अमोनिया प्रिंट उजेडाने विटतात. मी हौसेने एक फ्रेम करून खिडकीसमोर टांगली आणि काही महिन्यांत तिच्यातल्या बारीक रेषा दिसेनाशा झाल्या. आता ती भिंतीवर आहे ती माझ्या मूर्खपणाची आठवण म्हणून. तुम्ही आधी फोटो काढा, भिंतीवर त्याची प्रत लावा आणि मूळ कागद सपाट, अंधारात, कोरड्या जागी ठेवा. वर्षानुवर्षं गुंडाळलेला ट्रेसिंग पेपर एका झटक्यात उलगडू नका, तडकतो. दोन्ही टोकांना वजन ठेवून हळूहळू सरळ होऊ द्या. रबरबँड काढून टाका, ते वितळून कागदाला चिकटतात. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दोन्ही नको. कागदपत्रं ३०० डीपीआयला स्कॅन केली तरी पुरतं, लहान फोटोंना ६०० ठेवा. पेन्सिलची अक्षरं पुसट झाली असतील तर दिवा समोरून न धरता बाजूने तिरपा धरा. दाबून लिहिल्याचे वण दिसतात आणि अक्षर लागतं.

लेव्हल बुक उघडून बघायचा कंटाळा करू नका. वरवर पाहिलं तर नुसते आकडे असतात. प्रत्येक ओळ म्हणजे दुर्बिणीतून पट्टीवर घेतलेलं एक वाचन, त्यावरून काढलेली जमिनीची उंची, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पट्टी कुठे धरली होती ते त्या रकान्यात लिहायचं असतं: 'रस्त्याची कड', 'विहिरीचा काठ', 'नाल्याचा तळ'. मी कंटाळत पानं उलटत होते. एका पानावर 'नाल्याचा तळ' आणि 'उजवा काठ' यांच्या मधल्या ओळीत, वाचन नाही, उंची नाही, फक्त शेरा: 'घरून फोन. ताप उतरला.'

तारीख बघितली. भावाला टायफॉइड झाला होता ते दिवस. पानाच्या तळाशी नेहमीप्रमाणे ताळा करून ठेवलेला होता: मागच्या वाचनांची बेरीज वजा पुढच्या वाचनांची बेरीज, आणि पहिल्या-शेवटच्या उंचीतला फरक. दोन्ही आकडे जुळायला हवेत. जुळले होते. मुलाच्या तापाच्या काळजीतही बाबांची बेरीज चुकली नव्हती. याचं कौतुक करायचं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन रकाने

माझ्या मते या सगळ्या उद्योगात हे सर्वांत महत्त्वाचं. 'जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती' अशी शिडी लावू नका. आडवा कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे कामं, तारखांसकट: पाया कधी, स्लॅब कधी, बदली कधी. उजवीकडे त्याच तारखांना घरात काय चाललं होतं: कोण जन्मलं, कोण आजारी, कुणाची परीक्षा, कोण रुसलं. डावी बाजू डायऱ्यांतून भरते. उजवी भरायला आई, मावशी, शाळेची प्रगतिपुस्तकं आणि फोटोंच्या मागच्या तारखा लागतात. घाई नको. मला हाच कागद भरायला दोन महिने लागले.

भरत गेलं की दोन्ही बाजू एकमेकींशी बोलायला लागतात. भाऊ झाला त्या दिवशी डायरीत आहे: 'रजा. मुलगा. ३.१ किलो.' दुसऱ्या दिवशी: 'सात दिवसांचे क्यूब फोडले. ठीक.' काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे करून ते सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात, ताकद किती आली ते बघायला. आईला ही नोंद दाखवली तर म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी गेला होता तो! मला म्हणाला होता, औषध आणायला जातो." हे तिला चाळीस वर्षांनी कळलं. हसली, पण जरा वेळाने.

माझाही एक हिशेब त्या कागदावर निघाला. पाचवीत असताना शाळेच्या नाटकात मी राणी होते. बाबा येणार होते, आले नाहीत. मी हे कधी विसरले नाही आणि भांडणात वेळोवेळी काढलंही. डायरीत त्या तारखेला एका मोठ्या पायाचं काँक्रीट होतं. सुरुवात सकाळी ६.४०. दुपारी दोनला पंप बंद पडला. 'तासाभरात चालू', खाली दोनदा रेघ. समाप्ती दुसऱ्या दिवशी पहाटे ३.१५. नाटक संध्याकाळी सहाला होतं.

असं काँक्रीट मध्येच थांबवता येत नाही. आधीचा थर आवळायला लागण्याच्या आत त्यावर पुढचा पडावा लागतो, नाहीतर दोन्ही थर एकजीव होत नाहीत. मध्ये सांधा राहतो, त्याला कोल्ड जॉइंट म्हणतात, आणि पाणी तिथूनच वाट काढतं. हे मला बाबांनी तेव्हा समजावलं होतं का? असेलही. दहा वर्षांच्या राणीला कोल्ड जॉइंटशी काय घेणं!

मग मी बाबांच्या त्या वेळच्या सहकाऱ्यांना विचारलं, दुसऱ्या कुणावर सोपवून निघता आलं असतं का? ते थोडं थांबून म्हणाले, "आलं असतं. साहेब निघाले नसते." वहीत हे दोन्ही लिहिलंय, पहाटेचे सव्वातीनही आणि 'निघाले नसते'ही. 'कुटुंबवत्सल' माणसाबद्दल लिहिताना घरचे लोक हमखास गैरहजेरी गाळतात. मला वाटतं तिथेच घसरतं. साइटवरच्या माणसाचा संसार बराचसा गैरहजेरीतच चालतो. तो त्या गैरहजेरीचं काय करायचा ते शोधा. बाबा दर रविवारी पत्र लिहायचे आणि प्रत्येक पत्रात एक चित्र असायचं. मिक्सरचा ड्रम, क्रेनवर बसलेला कावळा, स्वतःच्या चिखलाने भरलेल्या बुटांचा प्लॅन, एलेव्हेशन आणि सेक्शन, म्हणजे वरून, समोरून आणि मधून कापून दिसेल तसं, मापांसकट.

साइटवरच्या माणसांकडे जा

कुटुंबाला फार तर अर्धा माणूस ठाऊक असतो. उरलेला अर्धा मुकादम, सर्व्हेअर, ड्रायव्हर आणि स्टोअरकीपर यांच्याकडे असतो. सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे आधी जा. मी उलट केलं, सोयीचे ते आधी गाठले आणि एका सर्व्हेअरकाकांना भेटायचं राहून गेलं ते कायमचं.

"बाबा कसे होते हो?" असं विचारू नका. "देवमाणूस" हे उत्तर येतं आणि संभाषण संपतं. मी विचारायचे, "त्यांनी तुम्हाला कोणतं काम परत करायला लावलं?" या प्रश्नाला उत्तर नाही असा एकही माणूस मला भेटला नाही. त्याखालोखाल चाललेले प्रश्न म्हणजे, सकाळी साइटवर आले की पहिल्यांदा कुठे जायचे, खिशात काय असायचं, चिडले की काय करायचे. (टेप, निळी पेन्सिल आणि आमचा फोटो. चिडले की आवाज खाली यायचा.)

जमेल तितकं समोर बसून बोला. बाबांच्या मुकादमांना मी तोच प्रश्न विचारला, तर त्यांनी तोंडाने उत्तर दिलंच नाही. उठले, भिंतीजवळ गेले, उजव्या हाताची दोन बोटं जोडून ती भिंतीला टेकवली आणि हळूहळू वर सरकवत नेली. सळई आणि शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, यांच्यामधलं अंतर बाबा असं बघायचे. त्या अंतराला कव्हर म्हणतात. ते कमी पडलं की ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडून बाहेर येतो. "टेप नंतर काढायचे," मुकादम म्हणाले, "आधी बोटं. बोटं अडकली की आम्ही समजायचो, आज घरी जायला उशीर." ही दोन बोटं मला फोनवर दिसली नसती.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. "ताई, तुम्ही पत्रात सिमेंटला 'शिमीट' लिहिलं होतं. साहेबांनी मला आणून दाखवलं. म्हणाले, बघ, पोरगी तुझ्यासारखं लिहायला लागली." माझी पत्रं साइटवर वाचली जायची हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ज्यांचं बाबांशी जमलं नाही, त्यांनाही भेटा. एका ठेकेदारांनी तर आधी दारातूनच विचारलं, "आता काय राहिलंय?" त्यांचा राग स्लंपचा होता. ताज्या काँक्रीटची चाचणी असते ही. ३० सेंटिमीटर उंचीचा, बुडाला रुंद आणि वर निमुळता असा पत्र्याचा साचा भरायचा आणि सरळ वर उचलायचा. काँक्रीट किती खचतं ते मोजायचं. पाणी जास्त घातलं की काँक्रीट पसरायला सोपं जातं, पण ते जास्तीचं पाणी उडून गेलं की आत बारीक पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. बाबांनी त्यांचा अख्खा माल परत पाठवला होता. "दोन सेंटिमीटरसाठी," ते म्हणाले. आणि मग, मी दारात चप्पल घालत असताना, "माझ्या स्वतःच्या घराचा स्लॅब मात्र त्यांनाच बघायला बोलावलं होतं." दोन्ही वाक्यं त्यांच्याच शब्दांत, त्याच क्रमाने वहीत आहेत.

'बांधला' हे क्रियापद

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, 'बाबांनी तीन पूल बांधले.' बाबांच्या मित्राने लाल पेनाने 'बांधले'भोवती गोल केला आणि समासात विचारलं, 'एकट्याने?' खरं असं होतं: एका पुलावर ते साइट इंजिनिअर, दुसऱ्यावर क्वांटिटी आणि बिलं बघायला, आणि तिसऱ्यावर फक्त चार महिने, पायाचं काम चालू असताना. डिझाइन तिन्हींचं दुसऱ्यांचं. तर डिझाइन, देखरेख, तपासणी, मोजमाप, दुरुस्ती यातलं त्या माणसाने नेमकं काय केलं ते लिहा. लहान वाटलं तरी.

कुणाचं नाव कुठे लावायचं हा घोळ मोठ्या कामांतही असतो. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल आखला जॉन रोबलिंग यांनी. १८६९ मध्ये, काम सुरू व्हायच्या आधीच, पायाला झालेल्या दुखापतीनंतर धनुर्वाताने ते गेले. मुलगा वॉशिंग्टन याने सूत्रं घेतली. नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेत पाया खोदताना त्यालाही आजार जडला आणि तो घराबाहेर पडेनासा झाला. मग त्याची बायको एमिली वर्षानुवर्षं त्याच्या सूचना घेऊन साइटवर जात राहिली, उत्तरं घेऊन येत राहिली, त्या नादात स्वतःही ते शास्त्र शिकली. १८८३ मध्ये पूल खुला झाला. आता कुणी 'बांधला' म्हणायचं? आणि काम करत राहिलेल्या शेकडो मजुरांचं काय?

एमिलीबद्दल वाचल्यावर मी आईला विचारलं, "तू काय करायचीस गं त्यांच्या कामातलं?" "काही नाही," ती म्हणाली. मग अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "बेरजा." रात्री बाबा आकडे मोठ्याने वाचायचे आणि ती दुसऱ्यांदा बेरीज करायची. बिलांच्या जुन्या कच्च्या कागदांवर दोन हस्ताक्षरं आहेत, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

तयार गोष्टींपासूनही जपा. सरकारी कामाला सरकारी दिवा आणि घरच्या कामाला घरचा, ही गोष्ट विश्वेश्वरय्यांची म्हणून सांगतात, चाणक्याचीही म्हणून सांगतात. सभेत एकाने ती बाबांच्या नावावर सांगितली. बाबा ऑफिसच्या पेनने आमची पत्रं लिहायचे. मी पेनचं लिहिलं.

किती तांत्रिक लिहायचं

थोडंच. एका पानात एकच गोष्ट, आणि हाताला, डोळ्याला कळेल अशी. बाबांनी मला वर्ग शिकवले ते सळयांवर: व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते मिळतं. बाराची सळई असेल तर १४४ भागिले १६२, म्हणजे साधारण ०.८९. मला बाराचा वर्ग आजही पाढ्यातून आठवत नाही, सळईवरून आठवतो. एवढं पुरतं. लिहिलेलं पान घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथलं एक वाक्य सोपं करा, जिथे जांभई देईल तिथला परिच्छेद काढा.

साइटवरचे अपघात, वाद, कोर्टातली प्रकरणं याबाबत माझा नियम एवढाच: दुसऱ्या कुटुंबाचं दुःख असेल तर त्यांना विचारल्याशिवाय नाव लिहायचं नाही. बाबांच्या एका साइटवर एक मजूर गेला होता. बाबा त्याविषयी बोलायचे नाहीत, पण दर वर्षी त्या तारखेला डायरीत फक्त त्याचं नाव आहे, बाकी पान कोरं. वहीत मी 'एक नाव' एवढंच लिहिलं.

सभेत वाचायचं असेल तर यातले दोनच प्रसंग निवडा, तीन-चार मिनिटांत संपतील असे, आणि घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघा. रडू येतं ती जागा आधी सापडते. वहीच्या शेवटी दहा-बारा पानं कोरी सोडा, वाचून लोकांना आठवतं आणि मग ते फोन करतात.

विनोद गाळू नका

दुःखात लिहिताना विनोद आपोआप गळतात, कारण ते शोभत नाहीत असं वाटतं. मीही शेवटचा प्रसंग आधी काढून टाकला होता. भावाने परत घालायला लावला.

आमच्या घरात आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर आम्हा मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत. बाबा डोक्यावर पुस्तक ठेवून रेघ मारत नसत, स्पिरिट लेव्हल ठेवायचे. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय श्वासही घ्यायचा नाही. माप मिलिमीटरमध्ये, पुढे तारीख. मध्यंतरी घरातली फरशी बदलली, तर सगळ्या जुन्या खुणांपुढे निळ्या पेन्सिलीने 'नव्या फरशीपासून वजा १८' असं लिहिलं. तुमच्याकडे अशी चौकट असेल तर रंगकाम काढण्याआधी बाजूला टेप लावून तिचा समोरून फोटो घ्या.

शेवटच्या आजारपणात बाबांनी नातवाला लेव्हल आणायला सांगितली आणि स्वतः चौकटीला पाठ लावून उभे राहिले. तरुणपणीची त्यांची एक खूण तिथे होती. नातवाने रेघ मारली, मोजलं. ३१ मिलिमीटर कमी. मुलगा गप्पच झाला. इमारत उभी राहिली की ती थोडी खचतेच, त्याला सेटलमेंट म्हणतात. किती खचेल याचा हिशेब आधी केलेला असतो आणि तेवढ्यात बसलं तर इंजिनिअर काळजी करत नाही. बाबांनी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि नव्या रेघेपुढे लिहिलं: 'सेटलमेंट ३१ मिमी. मर्यादेत.'